दोन इंच पांढरे

पांढरे केस काळे करण्याच्या लेपाला मराठीत कलप म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात, आमच्या घरी, त्यालाच खिजाब म्हणत. घरात दोन्ही शब्द असले तरी कलप असो की खिजाब, तो आवाज खाली आणूनच उच्चारायचा अशी रीत होती. अमक्याने कलप लावला आहे, ही बातमी चुलीपाशी सांगायची, ओट्यावर नाही. ‘हायलाइट’ हा शब्द मात्र मी मीरा रोडला राहायला आल्यावर ऐकला, आणि तो लोक मोठ्याने, हौसेने उच्चारतात. आधीच्या दोन शब्दांत पांढरं झाकायचं असतं. हायलाइटमध्ये काळ्यातल्याच काही बटा मुद्दाम उजळ करायच्या असतात, आणि त्या दिसाव्यात म्हणूनच करायच्या असतात.

आपल्याकडचा या विषयाचा जुना लेख पाहायचा तर वराहमिहिराकडे जावं लागतं. सहाव्या शतकातला हा उज्जैनचा ज्योतिषी. त्याच्या ‘बृहत्संहिते’त ग्रह-नक्षत्रं आहेत, पाऊस आहे, घर कसं बांधावं ते आहे, आणि ‘गंधयुक्ती’ नावाच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच केस काळे करण्याची कृतीही आहे. ज्याच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले त्याला फुलं, अत्तरं, वस्त्रं, दागिने काहीच शोभत नाही, असं तो आधी सांगून टाकतो. मग कृती : लोखंडाच्या भांड्यात हरिकाचे तांदूळ आंबट द्रवात शिजवायचे, त्यात लोखंडाचा कीस घालायचा, बारीक वाटायचं, डोक्याला लावून ओली पानं गुंडाळून दोन प्रहर बसायचं. मग ते काढून आवळ्याचा लेप, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर. म्हणजे सगळे मिळून बारा तास! मग डोकं धुवायचं. लोखंडाचा आणि आंबट वास जावा म्हणून सुगंधी तेलं लावायची. आणि एवढं झाल्यावर राजाने अंतःपुरात जाऊन सुख भोगावं, असं तो लिहितो.

कृती खोटी नाही. लोखंड आणि आम्ल एकत्र आले की लोखंडाचे क्षार तयार होतात, आवळ्यात तुरट द्रव्य असतं, आणि दोन्ही भेटले की काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई होते ती याच गुणाने. आमच्याकडे मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात आणि आवळ्याच्या भुकटीत भिजवायचे तीही वराहमिहिराचीच दूरची नातवंडं. कविता लिहिणाऱ्या बाईला शाई आणि केसांचा कलप एका कढईतले निघाले याचा आनंद होणारच, तो मला झाला. पण वाचताना दुसरी एक गोष्ट टोचली. हा सगळा खटाटोप पुरुषाचा आहे. पांढरे केस राजाचे, लेप राजाला, अंतःपुरात जायचं तेही राजाने. अंतःपुरात जी बसली आहे तिचे केस पांढरे झाले तर काय, यावर या कृतीत अक्षर नाही.

आमच्या घरीही वेगळं नव्हतं. माझे आजोबा शुक्रवारच्या आधी दाढीला मेंदी लावत. ती भिजवायची, गाळायची, त्यांच्या मानेभोवती जुनं धोतर गुंडाळायचं हे काम दादीचं. तांबूस केशरी दाढी घेऊन ते मशिदीत जात तेव्हा गावातले हिंदू म्हातारेही ‘आज चाचा रंगात आहेत’ म्हणत. यामागे एक जुना प्रसंग सांगितला जातो. हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इ. स. ६३० साली, मक्का जिंकल्यावर हजरत अबू बकर यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना पैगंबरांसमोर आणलं गेलं. त्यांचे केस आणि दाढी एका पांढऱ्या फुलांच्या झुडपासारखी शुभ्र होती. पैगंबरांनी सांगितलं की यांचा रंग बदला, पण काळा टाळा. त्यावरून मेंदी चांगली मानली गेली. काळ्या रंगाबद्दल आलिमांत मतभेद राहिले आणि आजही आहेत. मेंदीत नीळ मिसळली की गडद तपकिरी ते काळ्यापर्यंत छटा मिळते. त्या निळीच्या पानांना उर्दूत वस्मा म्हणतात. दादीच्या डोक्यावर मात्र पदर असे. पदराखाली काय रंग आहे हे तिच्या मुलांनाही नीट माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा न्हाऊ घालणाऱ्या बायकांत मी होते, आणि तिचे केस मी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे पाहिले. कापसासारखे पांढरे होते. आयुष्यभर दुसऱ्याची मेंदी भिजवलेली बाई.

हे सगळं आता चाळण्याचं कारण माझ्या स्वतःच्या डोक्यावर आहे. चाळिशीपासून मी मेंदी लावत आले. गेल्या वर्षी माझे पती वारले. आमच्यात पतीच्या निधनानंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. त्या काळात सुरमा नाही, अत्तर नाही, मेंदी नाही. मी ती पाळली. मनापासून पाळली, कुणी सांगितलं म्हणून नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. चार महिने दहा दिवसांचा हिशेब जवळजवळ दोन इंच होतो. इद्दत संपली त्या दिवशी आरशात पाहिलं, तर भांगापासून दोन इंच स्वच्छ पांढरे, आणि तिथून खाली एकदम विटकरी. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. ओढणी सरकली की रेघ दिसायची, आणि बघणाऱ्याला तिच्यावरून माझ्या दुःखाची तारीख मोजता यायची.

आम्ही सिल्व्हर पार्कला राहतो. इथल्या इमारतीत बातमी जिन्याने नाही, डक्टमधून जाते. शेजारच्या बाई, वयाने माझ्याहून मोठ्या, चांगल्या मनाच्या, भेटायला आल्या होत्या. मी सहज म्हटलं, आता परत मेंदी भिजवीन. त्या म्हणाल्या, ‘‘अब किसके लिए, बहन?’’ टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. दुसऱ्या दिवशी माझी भाची आली, कॉलेजातली. तिचं म्हणणं वेगळं. ‘‘खाला, सगळं झाकू नकोस आणि सगळं सोडूही नकोस. खालच्या लाल केसांत बारीक बारीक हायलाइट्स घेऊ, म्हणजे रेघ पुसट होईल. घरीच करू, मी मोबाइलवर पाहिलंय.’’ एका बाजूने ‘किसके लिए’, दुसऱ्या बाजूने ‘घरीच करू’. त्या रात्री मी पुस्तकं काढली. पन्नाशी ओलांडलेल्या बी. ए. झालेल्या बाईला काही ठरवायचं असलं की ती आधी वाचते. ही आमच्या पिढीची खोड.

महाराष्ट्रात बाईच्या केसांचा इतिहास काढायचा म्हटलं की रंगाच्या आधी वस्तरा येतो. ब्राह्मण आणि त्यांचं पाहून चालणाऱ्या काही जातींत नवरा गेला की बाईचे केस काढत. केशवपन हा त्याला पुस्तकी शब्द. आठ-दहा वर्षांच्या मुलींचीही त्यातून सुटका नव्हती. आगरकरांनी त्यावर लिहिलं, जोतिराव फुल्यांनी त्यावर हल्ला केला. पण मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट नाभिकांची आहे. १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि आम्ही यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा ठराव झाला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली तीही लोखंड्यांच्याच खटपटीने, आणि त्याच १८९० साली. हे पान तुम्ही रविवारी सकाळी चहाबरोबर वाचत असाल, तर त्या माणसाचं थोडं देणं आपण सगळेच लागतो. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवायचं ठरवलं, आणि तेही पोटाच्या धंद्यावर पाणी सोडून. अशी उदाहरणं सुधारणेच्या इतिहासात फार नाहीत. प्रथा त्याने लगेच थांबली नाही. पुढे कितीतरी वर्षं लाल आलवणातल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेल्या बायका महाराष्ट्राने पाहिल्या.

त्या बायकांपैकी एकीने स्वतः लिहून ठेवलं आहे. पार्वतीबाई आठवले. जन्म १८७० चा, कोकणातल्या देवरुखच्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांची ही बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, केस काढले गेले. पुढे त्या कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमात आल्या, शिकल्या, आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या, इंग्रजी यायला हवं म्हणून. तिथे घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ चं. त्यात केशवपनावर त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. मला थांबवून ठेवलं ते एका गोष्टीने. आश्रमात येऊन, सुधारकांत राहून, सभांतून भाषणं करूनही त्यांनी कितीतरी वर्षं केस वाढवले नाहीत. चाळिशी आल्यावर, स्वतः विचार करून, त्यांनी ते वाढू दिले.

सुधारकांच्या घरात राहणाऱ्या बाईला एवढा वेळ का लागावा? मला वाटतं, त्यांचं काम त्यांना माहीत होतं. ज्या सनातनी घरांच्या दारात त्या वर्गणी मागायला उभ्या राहत, तिथे मुंडण केलेलं डोकं हा परवाना होता. ही आपल्यातलीच आहे, हिचं ऐकायला हरकत नाही, असं ते डोकं न बोलता सांगे. केस वाढवणं म्हणजे तो परवाना परत करणं. आणि तो परत करावा की नाही, कधी करावा, हे त्या बाईने ठरवलं. बहिणीच्या नवऱ्याने नाही, आश्रमाने नाही. आपण सुधारणेचा इतिहास सांगताना कायदे आणि सभा सांगतो. एका बाईने एके दिवशी न्हाव्याला ‘आज नको’ म्हटलं, ती तारीख कुठे कोरलेली नसते.

माझी तुलना त्यांच्याशी नाही, हे उघड आहे. माझे केस कुणी काढले नाहीत. आमच्याकडे विधवेने पुन्हा लग्न करायलाही धर्माची आडकाठी नाही. इद्दतीची मुदत ठरलेली आहे आणि ती संपते, हे मला त्या चार महिन्यांत फार आधाराचं वाटलं. मुदत संपल्यावर ‘किसके लिए’ हा प्रश्न मात्र धर्माचा नसतो, तो डक्टमधला असतो, आणि तो पुण्याच्या वाड्यात काय किंवा आमच्या सिल्व्हर पार्कात काय, सारखाच ऐकू येतो. त्यात एक गृहीत धरलेलं असतं की बाईचे केस दुसऱ्या कुणासाठी असतात. आमचे हे स्वतः दर महिन्याला काळ्या कलपाची पुडी वाटीत कालवून जुन्या टूथब्रशने मिशीला आणि कानशिलांना लावत. साठीपर्यंत लावली. त्यांना एकदाही कुणी ‘किसके लिए’ म्हटलं नाही. तो काळा पडलेला ब्रश अजून न्हाणीघराच्या खिडकीत आहे.

आता हायलाइटकडे येते. रंग घालवून केस उजळ करणं हा आपल्याकडचा उद्योग नव्हे, पण युरोपात तो जुना आहे आणि घरगुतीच आहे. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या बायका घरांच्या छपरांवर लाकडी मचाणं बांधून उन्हात बसत. डोक्यावर टोपी घालायची, तिला वरचा भाग नाही, नुसती रुंद कड. मधल्या भोकातून केस बाहेर काढून कडेवर पसरायचे, त्यांना निरनिराळी पाणी लावत राहायचं, आणि चेहऱ्यावर सावली ठेवून केस तेवढे तापवायचे. चेझारे वेचेल्लिओ याने १५९० साली पोशाखांवरचं पुस्तक काढलं, त्यात अशी बाई चितारली आहे. भाचीने मला मोबाइलवर दाखवलेली रबरी टोपी, जिच्या भोकांतून क्रोशाच्या सुईने बटा ओढून काढतात, ती या टोपीचीच नात म्हणायची.

उन्हाचं काम बाटलीत भरलं ते रसायनशास्त्राने. हायड्रोजन पेरॉक्साइड तेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१८ साली शोधलं, आणि १८६७ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने केस सोनेरी करून दाखवले गेले. दुसरीकडे १८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. त्यातून डांबरापासून रंग करण्याचा धंदा उभा राहिला. पुढे त्याने आपल्याकडची निळीची शेती बुडवली आणि केसांचा कलपही बदलून टाकला. पॅरा-फेनिलिन-डायअमाइन हे त्या कुळातलं द्रव्य आजही बहुतेक काळ्या कलपात असतं. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजेन श्युलेर या तरुण रसायनतज्ज्ञाने असा रंग आपल्या घरी बनवून न्हाव्यांना विकायला सुरुवात केली. १९०९ मध्ये त्याने कंपनी काढली, तीच पुढे लोरेआल झाली. अमेरिकेत १९५० च्या दशकात क्लेरॉल कंपनीने घरच्या घरी लावायचा रंग आणला, तेव्हा तिथेही घरंदाज बाई केस रंगवत नाही असाच समज होता. म्हणून जाहिरातीत मुद्दाम आई आणि मूल दाखवलं. हिने रंग लावला आहे की नाही, हे फक्त तिची केशभूषाकार जाणे, असा त्या जाहिरातीचा सूर होता. म्हणजे अमेरिकेतही चुलीपाशीच बोलायची गोष्ट!

आपल्याकडे १९७० च्या दशकात गोदरेजचा द्रवरूप कलप आला, मग पुड्या आल्या. वाण्याच्या दुकानात चहाच्या आणि शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी कलपाच्या पुडीची माळ लटकू लागली. त्या माळेने कलपाची चोरी संपवली असं मला वाटतं. जी वस्तू दुकानाच्या दारात लोंबते तिच्याबद्दल किती दिवस कुजबुजणार?

पण पुडी मिळाली म्हणून घरी रंगवता येतं असं नाही. त्याला जागा लागते. हे मला इतिहासाच्या एकाही पुस्तकात सापडलं नाही, म्हणून सांगते. आम्ही लग्नानंतर डोंगरीला एका खोलीत राहिलो. मोरी खोलीच्या कोपऱ्यात, नळ गॅलरीच्या टोकाला, संडास चार बिऱ्हाडांना एक. तिथे डोक्याला काहीतरी थापून तासभर बसणं म्हणजे सगळ्या मजल्याला आमंत्रण. बाईला दार लावून, आरशासमोर, वाहत्या पाण्याजवळ एक तास एकटीने मिळणं, ही केस रंगवण्याची पहिली अट आहे, आणि मुंबईतल्या कितीतरी बायकांची ती अट मीरा रोडने पुरी केली. मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या या पट्ट्यात १९८० नंतर इमारती उठू लागल्या. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठून आलेल्या मुसलमान कुटुंबांची इथे रीघ लागली. आम्ही १९९४ ला आलो. भीतीने आलो, हे खरंच आहे. पण आल्यावर मी न्हाणीघराला आतून कडी लावली, ती माझ्या आयुष्यातली पहिली स्वतःची कडी. भीतीने सोडलेल्या शहराच्या बदल्यात ती मिळाली, हे आठवलं की आजही आनंद पुरता होत नाही. त्या कडीला एकच उणं होतं, नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा. एक बादली पाण्यात मेंदी धुवायला मी त्या वर्षांत शिकले.

चाळी सुटल्या तशा वेण्याही सुटल्या. १९६० साली ‘लव्ह इन शिमला’ मध्ये साधनाच्या कपाळावर केसांची झालर आली आणि ‘साधना कट’ गावोगाव पोहोचला. लांब वेणीच्या घरांतल्या मुलींनी कपाळापुरती का होईना कात्री चालवली. आमच्या गावातल्या एकीला त्यापायी मार बसल्याचं अम्मी सांगायची. पुढे इंदिरा गांधींच्या केसांतला पांढरा झोत साऱ्या देशाला पाठ झाला. व्यंगचित्रकारांना चेहरा ओळखू आणून द्यायला तेवढा पुरायचा. काळ्या केसांत एक पांढरी बट आणि तिची लाज नाही, असं दृश्य आमच्या पिढीच्या मुलींनी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. १९९० च्या दशकात परदेशी कंपन्या आल्या, रंगांची नावं बर्गंडी आणि महोगनी झाली, आणि इमारतींच्या तळमजल्यावर घरगुती पार्लरं निघाली. आता सिल्व्हर पार्कच्या थांब्यावर, मेट्रोच्या खांबांखाली उभं राहिलं तर रिक्षाची वाट पाहणाऱ्या दहा मुलींत दोघी-तिघींच्या केसांत मधाच्या रंगाच्या बटा असतात. कुणी मान वळवून पाहत नाही.

मीही आधी पार्लरमध्येच विचारलं. आमच्याच गल्लीत, तळमजल्यावर, एक गुणी बाई आहे. तिने केस हातात घेतले, खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि म्हणाली, ‘‘भाभी, किती वर्षं मेंदी?’’ पंधरा, म्हटलं. ‘‘मग मी हमी देत नाही.’’ तिचा प्रामाणिकपणा आवडला. कारण तिने समजावून दिलं. मेंदीचा रंग केसाच्या प्रथिनाला धरून बसतो, तो पेरॉक्साइडने सहजी निघत नाही. आणि बाजारातल्या ‘काळी मेंदी’ नावाच्या पुडीत कधी धातूचे क्षार असतात, कधी तेच डांबरकुळातलं द्रव्य असतं. धातूच्या क्षारांवर ब्लीच पडलं तर केस तापतात, तुटतात. मी साधी पानांचीच मेंदी लावली होती, राजस्थानातल्या सोजतची, तेव्हा तो धोका नव्हता. पण हायलाइटमध्ये केसाचा रंग टप्प्याटप्प्याने उतरतो : काळा, मग तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा. आपले काळेभोर केस मध्येच कुठेतरी अडकतात. आणि स्वतःच्या डोक्याची मागची बाजू कुणाला दिसत नाही, हा घरगुती हायलाइटमधला सगळ्यांत जुना अडथळा. व्हेनिसच्या त्या बाईलाही तो असणार.

तेव्हा मी गुंतवळाचा उपयोग केला. कंगव्यात अडकलेले केस आमची दादी भिंतीच्या फटीत खोचायची, आणि केसांवर फुगे देणारा फेरीवाला आला की ती सगळी भेंडोळी त्याला द्यायची. मला गुंतवळ जपायची सवय तिचीच. महिन्याभराचं काढलं आणि त्यात तीन प्रकार निवडले : मेंदीखाली काळे असलेले, मेंदीखाली पांढरे असलेले, आणि नवे कोरे पांढरे. दोऱ्याने तीन जुड्या बांधल्या. भाचीने ब्लीचची पूड सहा टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये कालवली आणि काचेच्या बशीत तिन्ही जुड्यांवर लावली. पाऊण तासाने धुतल्या. काळ्याची जुडी विटेच्या रंगाची झाली. मेंदी लावलेले पांढरे केस गाजरासारखे झाले आणि तिथेच थांबले. कोऱ्या पांढऱ्यांना काही फरक पडला नाही, पण हाताला ते झाडूच्या काडीसारखे लागू लागले. बशीत नुसतं पाहूनच कळत होतं, पांढऱ्या पट्ट्याखाली हे गाजर आणि वीट आणली तर रेघ पुसट होणार नाही, उलट दिव्यासारखी लागेल.

भाचीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, थांब, तुझी कल्पना चुकीची नाही, दिशा उलटी करू. खालचा लाल उजळ करायच्या ऐवजी वरच्या पांढऱ्यात लालाच्या बारीक बटा सोडायच्या. मेंदीने. सगळं पांढरं झाकायचं नाही. दर चार बटांतली एक, तीही काडीएवढी, भांगापासून खालच्या लालापर्यंत ओढायची. पार्लरवाल्या बाईला विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, याला आमच्यात ‘लोलाइट’ म्हणतात, आणि यात बिघडायला काही नाही. मेंदीला मी पंधरा वर्षं ओळखते, तरी आधी कोपराच्या आत थोडी लावून दोन दिवस पाहणार आहे. कलपाच्या पाकिटावर अशी चाचणी करण्याची सूचना छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती वाचणारं माणूस मी अजून पाहायची आहे.

शेजारच्या बाईंना मी काही उत्तर दिलं नव्हतं. परवा त्या परत आल्या, तर भाचीने माझ्या डोक्यावर कोरड्या ब्रशने बटा मोजून खडूने खुणा करायचा सराव चालवला होता. त्या बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा जरा मागे घेतला आणि विचारलं, उरलेली मेंदी किती दिवस टिकते. मी म्हटलं, भिजवलेली दुसऱ्या दिवसापर्यंत, पण तुमच्यासाठी वेगळी भिजवीन.

रविवारी करायचं ठरलं आहे. मेंदी शनिवारी रात्री भिजेल, काचेच्या वाडग्यात. लोखंडी कढई नको, कारण काळपट छटा नको आहे. पुढच्या बटा मी लावीन, मागच्या भाची. पाणी सकाळी सव्वासातला येतं आणि आठला जातं, म्हणजे दोन बादल्या आदल्या दिवशी भरून ठेवायला हव्यात.